एका झाडाचे धनी

अब्रीच्या उत्तरेला, नाईलच्या वरच्या थडीवर,
जिथं पाऊस ही पाहुण्यानं सांगायची गोष्ट,
तिथं मी खजुरांची वही ठेवतो.
झाड एक, धनी पुष्कळ.
ज्याची जमीन, त्याचा तिसरा हिस्सा.
ज्यानं आपल्या झाडाच्या बुंध्याचं पिल्लू लावायला दिलं, त्याचा तिसरा.
ज्यानं पाणी घातलं, त्याचा उरलेला.
माणसं मरतात आणि हिस्से पिल्लं घालतात.
जमिनीच्या तिसऱ्याचे नऊ झाले, नवातल्या एकाचे चार.
जेद्द्याहून इद्रिस आला होता, विमानाचं भाडं भरून,
एकशेआठवा भाग घ्यायला.
साल पडीचं. एकोणीस खजूर.
त्यानं ते दोनदा मोजले, रुमालात बांधले,
एक तिथंच खाल्ला, बी खिशात टाकली.
पेरू नकोस, म्हटलं. बीतून काय निघेल याचा भरवसा नाही,
निम्मे तर नरच निघतात.
तो म्हणाला, पेरायला नाही.

चढणारा आता एकच उरलाय, दाऊद कब्बारा, वय बासष्ट.
त्याची दोन्ही मुलं वाळवंटात सोनं खणतात,
फोनवर खोकतात.
फेब्रुवारीत मादीची पोय फुटते,
चार-पाच दिवसांत नराचा तुरा आत बांधावा लागतो,
नाहीतर फळ धरतं ते खुजं, बिनबियांचं,
गाढवही हुंगून सोडतं.
दाऊद झावळ्यांच्या खुंटांवर अनवाणी पाय रोवतो,
दातांत तुरा, दाढीत पिवळी भुकटी,
खालून दिसतात फक्त त्याच्या भेगाळ टाचा.
पूर्वी एक घड घ्यायचा झाडामागं, आता रोकड मागतो.
गुडघ्याच्या गोळ्या, म्हणतो, खजुरावर मिळत नाहीत.

पंप अवादाचा. पाण्याचा हिस्सा
त्याच्या बापापासून त्यांच्या घरात.
यंदा डिझेल आलंच नाही. दुसऱ्यांदा आलं
तेव्हा एका पिंपाला एक बकरी पडत होती.
पंपावर पोतं पांघरलं, पोत्याखाली मांजर व्याली.
वरच्या थडीवरची झाडं आधी शेंड्याला करपली,
मग बुंध्यातून वाळवीची माती चढू लागली,
ओली, बोटाएवढी जाड.
नबरा खरवडायची ती, रोज, उलथन्यानं.
आणि पाणी आणायची. तेलाचे दोन डबे, एक काठी,
नदीपासून त्रेसष्ट पायऱ्या,
पायऱ्या म्हणजे तिच्याच पावलांनी पडलेले खड्डे.
तिचा त्या झाडात हिस्सा नव्हता.
सावली लागते, एवढंच म्हणाली.

सप्टेंबरात घड उतरवले. सगळे चटईवर बसले,
अवादा आपला लाकडी वाडगा घेऊन
नेहमीच्या जागी, माझ्या उजव्या हाताला.
मी वही उघडली. आजोबांचं अक्षर, शाई तपकिरी:
जमीन. पिल्लू. पाणी.
मी ते वाचलं. पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं.
पाणी, लिहिलंय. पंप नाही लिहिलेला.
कुणीतरी खाकरलं. माश्या घडांवर बसल्या, उठल्या.
अवादानं वाडगा उलटा करून झटकला,
रिकामाच होता,
आणि नबराच्या दिशेनं सरकवला.
वाडगा मात्र परत कर, म्हणाला.

नबरानं तो संध्याकाळी परत केला, धुऊन.

परवा चुलत्याच्या कबरीकडं गेलो होतो,
वाटेत तिच्या कुंपणाआड, बाभळीच्या काट्यांत,
एक पिल्लू दिसलं गुडघाभर उंचीचं,
झावळ्या गोणपाटानं आवळून बांधलेल्या,
भोवती ओलं आळं.
बरकावी. त्याच झाडाचं, मी ओळखतो.
बुंध्याशी ताजी जखम होती, राख भरलेली.
कुणाला विचारलं असेल तिनं? बारा जणांना?
कैरोतल्या दोघांना, जेद्द्यातल्या एकाला,
आणि ज्याचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही त्याला?
फळ धरायला पाच वर्षं, कदाचित सात.
नबरा तेव्हा सत्तरीत असेल.
मी वही काढली, पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं केलं,
तारीख लिहिली.
मग चुलत्याच्या थडग्याचा खर्च लिहिला, विटा, चुना,
आणि वही मिटली.